मुक्कामपट्टीच्या गाठी

खूप खूप वर्षांपूर्वी, राजांची नावं लिहून ठेवायची पद्धतही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाबाहेर गरम पाण्याचं कुंड होतं. गुडघे धरलेले, कंबर मोडलेले, अंग आंबलेले लोक लांबलांबून त्या पाण्यात बसायला येत. येताना एक ओढा लागे. त्या ओढ्यावर पोफळीची खोडं काथ्याने बांधून केलेला साकव होता. गावात यायला तेवढी एकच वाट.

या गावात एक कोष्टीण राहत होती. तिचा नवरा उत्तम विणकर होता, पण त्याची नजर गेली आणि माग थांबला. मग कोष्टिणीने मागाची खोली झाडून घेतली, तिथे दोन बाजा टाकल्या आणि कुंडावर येणाऱ्यांना उतरायला जागा दिली. पाहुणा दोन रात्री राहो की दहा, त्याच्या भाड्यावर घर चालायचं. गावात अशी वीसबावीस घरं होती. ज्यांना चावडीची परवानगी मिळे, त्यांच्या दारावर गेरूचा एक पंजा उमटवत. पंजा बघूनच पाहुणा उंबरा ओलांडायचा.

एके दिवशी दवंडी पिटली.

“ऐका हो ऐका! परगावचा जो माणूस गावात रात्र काढेल, त्याच्याकडून दर डोई, दर रात्री तांब्याचं एक नाणं मुक्कामपट्टी घ्यायची! घरवाल्याने ती घ्यायची आणि चावडीवर भरायची! त्यातून साकव, कुंडाच्या पायऱ्या आणि वाटेवरचे दिवे राखले जातील! न भरेल त्याचा पंजा पुसला जाईल हो!”

कोष्टिणीला शेवटचं वाक्य तेवढं नीट ऐकू आलं. पंजा पुसला तर खायचं काय?

म्हणून तिने ठरवलं, एका नाण्याचीही चूक होऊ द्यायची नाही. आणि तिथूनच तिचा गोंधळ सुरू झाला.

पहिला पाहुणा काळ्या मिऱ्यांचा व्यापारी होता. तीन रात्री राहिला. तिने भाडं घेतलं आणि चाचरत म्हणाली, “भाऊ, आणखी तीन नाणी द्यावी लागतील. राजाची पट्टी आहे.”

“राजाची? राजा कुठल्या बाजेवर झोपला होता?” व्यापारी म्हणाला. पण हसला आणि नाणी दिली.

ती नाणी हातात घेऊन कोष्टीण बराच वेळ उभी राहिली. ही आपली नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कोष्ट्याच्या घरात एक रीत असते. गिऱ्हाईक आपलं सूत विणायला आणून देतं, तेव्हा विणकर त्या लडीला खुणेचा रंगीत दोरा बांधतो आणि खुंटीला टांगतो. त्यातलं वीतभर सूतही तो दुसऱ्या कशाला वापरत नाही. मालक येऊन मागेपर्यंत लडी तशीच राहते, मग वर्ष लोटलं तरी चालेल. कोष्टिणीने तेच केलं. एका फडक्यात तिन्ही नाणी गाठ मारून बांधली, व्यापाऱ्याची खूण म्हणून काळा दोरा गुंडाळला आणि खुंटीला टांगलं.

पुढे एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. आता तान्ह्याची पट्टी घ्यायची की नाही? कोष्टिणीने शेजारणीला हाक मारली.

शेजारणीच्या दारावरही पंजा होता. ती म्हणाली, “अगं, दवंडीत दर डोई म्हटलंय. पोराला डोई आहे, नाही कसं म्हणशील? पण ते झोपलं आईच्या मांडीवर. म्हणजे मुक्काम तुझ्या घरी नाहीच. मुक्काम मांडीवर.”

“मग घेऊ की नको?”

“तू कुणाकडूनच कशाला घेतेस? माझ्याकडे बघ. माझ्या घरी परगावचा माणूस येतच नाही. येतात ते सगळे माझे मामा.”

“सगळे?”

“आजोळ मोठं आहे माझं,” शेजारीण म्हणाली आणि हसत आत गेली.

कोष्टिणीला ते पटलं नाही. खोटं बोलणं तिच्याच्याने होणार नव्हतं. तिने बाळाचं नाणं घेतलं, पण वेगळ्या गाठीत बांधलं आणि त्याला पांढरा दोरा लावला. पांढरा म्हणजे ‘नक्की नाही’.

मग एक गवंडी आला. त्याने चार रात्रींचे पैसे आधीच दिले आणि दुसऱ्या सकाळी निरोप आला म्हणून पळाला. न झोपलेल्या तीन रात्रींची पट्टी कुणाची? आणखी एक पांढरा दोरा.

शेवटी आला एक म्हातारा भोई. आयुष्यभर त्याने पालख्या वाहिल्या होत्या आणि आता गुडघे दोन पावलंही नेत नव्हते. तो रोज कुंडात बसायचा, संध्याकाळी कोष्टिणीच्या आंधळ्या नवऱ्याला पालखीतल्या बायकांची भांडणं रंगवून सांगायचा, आणि दर सकाळी एक नाणं न चुकता कोष्टिणीच्या हातावर ठेवायचा. महिना झाला. महिन्यावर पाच दिवस झाले. महिनाभर एका गावात राहिलेला माणूस परगावचा म्हणायचा का?

डोकं भणभणलं तशी कोष्टीण चावडीवर गेली.

कारकुनाने आज्ञापत्र उलगडलं, वाचलं, फिरवलं आणि पुन्हा वाचलं. “वहिनी, इथे ‘परगावचा’ एवढंच लिहिलंय. कधीपर्यंत परगावचा, ते नाही लिहिलेलं.”

“आणि तान्हं?”

“तान्ह्याचा उल्लेखच नाही.”

“आणि पळालेला गवंडी?”

कारकुनाने टाक खाली ठेवला. “वहिनी, मी सकाळी घरून निघालो तेव्हा माझं डोकं चांगलं होतं. असं करा, ज्या नाण्यांबद्दल शंका नाही ती आज भरा. शंकेची वेगळी लिहून घेतो. राजधानीतून उलगडा आला की बघू.”

बरोबर सांगितलं की नाही त्याने? तुम्हाला मला ते लगेच कळतं. पण कोष्टीण विचारात पडली. अर्धं विणलेलं कापड कुणी मागावरून उतरवतं का? सगळा हिशेब एकदा सरळ झाला की एकदमच भरू. आज कमी भरलं आणि उद्या चूक निघाली, तर पंजा पुसतील. आणि तसंही, ज्याचं आहे तो मागायला येईलच की. अजून तर कुणी आलं नाही.

“उलगडा आला की सगळंच आणते,” ती म्हणाली आणि घरी परतली.

नवऱ्याने विचारलं, “भरलेस?”

“अजून नाही. पण एकाही नाण्याला हात लावलेला नाही मी.”

“ते मला माहीत आहे,” तो म्हणाला. तरी त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही.

खुंटीवरच्या गाठी वाढत गेल्या. काळे, तांबडे, पिवळे दोरे, आणि पांढरे तर सगळ्यांत जास्त. शेजारणीकडे मामांची रीघ लागली. गावातल्या इतर घरांतही कुणाचे साडू निघाले, कुणाचे व्याही. आणि चावडीच्या पेटीत कसंबसं मूठभर तांबं जमलं. तेवढ्या पैशांत फक्त दिव्यांचं तेल आलं. साकवाची खोडं दरसाल बदलायची असतात, पोफळ पाण्याजवळ फार दिवस टिकत नाही. त्या वर्षी ती बदलली गेली नाहीत. ओढ्यावरून जाताना खोड करकरायचं, लोक म्हणायचे, “चावडी करते काय?” आणि पुढे जायचे.

म्हातारा भोई येऊन नव्वद दिवस झाले, तेव्हा त्याचे गुडघे सुटले. तो अंगणात दोन उड्या मारून दाखवत म्हणाला, “लेकी, आता पालखी आण, एकटा उचलतो!” त्याने कोष्टिणीच्या नवऱ्याला मिठी मारली, बोचकं काखेत घेतलं आणि गाणं म्हणत ओढ्याकडे निघाला.

साकवाच्या मध्यावर खोड मोडलं.

माणसं धावली. ओढ्यात पाणी थोडं होतं, दगड फार होते. म्हाताऱ्याचा पाय मांडीपाशी मोडला होता. चौघांनी त्याला बाजेवर घातलं आणि खांद्यावर घेतलं. तेवढ्या दुखण्यातही तो म्हणत होता, “पावलं जुळवा रे, पावलं जुळवा. असं नेतात का कुणाला?”

त्याला पुन्हा कोष्टिणीच्याच घरी आणलं. वैद्याने फळ्या बांधल्या आणि सांगितलं, चार महिने हलायचं नाही, आणि पुढेही काठीशिवाय चालणं होईलसं दिसत नाही. लोक पांगले. कोष्टीण उशाशी बसून रडत होती.

भोयाने हळूच विचारलं, “लेकी, तो साकव कशातून बांधायचे?”

“मुक्कामपट्टीतून.”

“माझी पट्टी तू रोज घेतलीस ना?”

कोष्टीण उठली, खुंटीवरून एक मोठी गाठ काढली आणि त्याच्या हातात दिली. तिला वाटलं, निदान हे बघून त्याला आपला भरवसा वाटेल. “बघा बाबा. नव्वदच्या नव्वद. हा तुमचा हिरवा दोरा. एक नाणंही मी खर्चलं नाही.”

म्हाताऱ्याने गाठ तळहातावर जोखली. पालखी उचलण्याआधी जोखतात तशी.

“स्वतःवर खर्चलं असतंस, तरी पाय असाच मोडला असता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला ते सोसवेना.

ती रात्रभर विचार करत राहिली. मी खोटं बोलले नाही. मी खाल्लं नाही. मग चुकलं कुठे? मन वळून वळून त्याच जागी येत होतं. उजाडल्यावर तिने सगळ्या गाठी ओच्यात घेतल्या आणि चावडी गाठली.

चावडीवर गाव जमलं होतं. गावचा कारभार पाटलीणबाई बघत. त्यांचे केस पिकले होते, आणि त्यांनी एकदा विचारलं की उत्तर द्यावंच लागे. त्यांनी आधी शेजारणीला पुढे बोलावलं.

“मामा किती झाले तुझे यंदा?”

“सदतीस,” शेजारीण पुटपुटली.

“आईला एवढे भाऊ होते, तर तिच्या लग्नात बैलगाड्या कमी पडल्या असतील.”

लोक हसले. शेजारणीचा चेहरा लाल झाला. तिने कोष्टिणीच्या ओच्याकडे बोट केलं. “मला काय विचारता? हिला विचारा! मी माणसांना मामा म्हटलं, हिने पैशाला ठेव म्हटलं. पेटीत माझंही आलं नाही, हिचंही नाही. फरक काय तो सांगा!”

कोष्टिणीने गाठी पाटलीणबाईंपुढे ओतल्या. ढीग पाहायला सगळे पुढे झुकले. एवढ्यात दोन साकव झाले असते.

“फरक आहे,” पाटलीणबाई म्हणाल्या. “तू चोरलंस, हिने सांभाळलं. पण ओढ्याला तो फरक कसा कळावा? कोष्टीणबाई, का आणलं नाहीस?”

“मी मालकाची वाट बघत होते, बाई. आमच्यात सूत ज्याचं, तो येऊन मागतो. कुणी मागितलंच नाही.”

“याचा मालक कोण, सांग बरं.”

“राजा?”

“राजा कधी कुंडावर आलाय?”

“मग तुम्ही?”

“मी तर इथलीच. उद्या परवा जो कोणी त्या साकवावर पाऊल टाकणार आहे, तो मालक. त्याचं नाव तुला माहीत नाही, मला नाही, त्याचं त्यालाही ठाऊक नाही की तो येणार आहे. तो तुझ्या दारात मागायला कसा येणार? आधी साकव हवा, मग तो.”

कोष्टीण खाली मान घालून उभी राहिली. खूप दिवसांनी तिला एक गोष्ट नीट समजली होती, आणि समजायला एका माणसाचा पाय गेला होता.

पाटलीणबाईंनी निवाडा दिला. शेजारणीने सदतीस मामांची पट्टी दुपटीने भरायची, आणि तिचा पंजा पुसायचा. ज्यांनी साडू आणि व्याही दाखवले, त्यांचेही पंजे पुसायचे. मग त्या कोष्टिणीकडे वळल्या.

“आणि कोष्टीणबाईंचाही.”

“बाई, हिने तर नाणं न् नाणं आणलं!” कारकून कळवळून म्हणाला.

“आणलं. साकव पडल्यावर.”

त्या हंगामात पुढे गावात पाहुणा आला नाही. वाटच नव्हती, दुखऱ्या गुडघ्यांनी ओढ्यातल्या दगडांतून येणार कोण? वीसबावीस घरांतल्या बाजा रिकाम्या पडल्या. ज्यांनी पट्टी चोख भरली होती, त्या तीन घरांतल्याही. त्यांनी कोष्टिणीला बोल लावले आणि तिने ते ऐकून घेतले. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती स्वतः मागावर बसली, जाडीभरडी चवाळी विणली आणि तिघांचं पोट भरलं. तिसरा तो भोई. तो पडल्या पडल्या तिचा ठोका चुकला की ओरडायचा, “पावलं जुळव, लेकी!”

नवी खोडं तोडून आणेपर्यंत हंगाम सरला, पण तिच्या गाठींतून नवा साकव झाला. पुढच्या हंगामात तिच्या दारावर पुन्हा पंजा उमटला. पहिल्याच बाजारच्या दिवशी ती चावडीवर गेली आणि आठवड्याची नाणी कारकुनापुढे ठेवली.

“यातली दोन कुणाची, कशी, मला अजून उमगलेलं नाही,” ती म्हणाली. “पण आधी पेटीत टाका. मग बसून भांडू.”

“उलगडा मलाही झालेला नाही, वहिनी,” कारकून म्हणाला. त्याने नाणी पेटीत टाकली, आणि मग दोघं आज्ञापत्र मध्ये धरून तान्ह्या बाळाच्या शंकेपासून पुन्हा वाचू लागले.

बोध इतकाच: सगळ्यांचं म्हणून हाती आलेलं धन नुसतं जपून ठेवलं तर वाया जातं, वेळेत पोचतं केलं तरच ते जपलं जातं.