खरवंडीकर मास्तरांची हाक

आपल्या कोंडेघाटला एसटी यायच्याही फार वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा सातवीची मोठी परीक्षा आपल्याच शाळेत व्हायची आणि मुलांवर लक्ष ठेवायला परगावचे खरवंडीकर मास्तर यायचे. माणूस महाकडक! त्यांचा डोळा चुकवून माशीसुद्धा या मुलाकडून त्या मुलाकडे जायची नाही, असं म्हणतात.

शाळेत घड्याळ नव्हतं. अंगणात एक खांब होता आणि मातीत चुन्याची रेघ. खांबाची सावली रेघेला टेकली की मास्तर दार लावणार, मग बाहेर कुणी का राहीना. एकदा खुद्द पाटलांचा नातू उशिरा आला, तर त्यालाही माघारी धाडलं. पाटील लालबुंद झाले, पण मास्तर काही बधले नाहीत.

त्या वर्षी घाटावरच्या धनगरवाड्यातली येसू परीक्षेला बसली होती. वाड्यावरची सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोर. पास झाली तर मास्तरीण होणार, नाहीतर वैशाखात तिचं लग्न ठरलेलंच होतं. रोज घाट उतरून सगळ्यांच्या आधी ती पायरीवर हजर. मास्तर तिच्याशी अवाक्षर बोलायचे नाहीत, पण ती दिसली की त्यांना बरं वाटायचं.

शेवटचा पेपर गणिताचा होता आणि नेमका त्याच दिवशी घाटात वणवा पेटला. मुलं आत बसली, येसूचा पत्ता नाही. सावली रेघेकडे सरकू लागली तसा मास्तरांचा जीव खालीवर व्हायला लागला. पाटलांच्या नातवाला एक न्याय आणि येसूला दुसरा, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. आणि दार लावायला हातही उठेना.

शेवटी मास्तर अंगणात आले, घाटाकडे तोंड केलं आणि उभ्या जन्मात कधी ओरडले नव्हते तसे ओरडले, "येसूऽऽ! ये गं बाई! इकडं ये!"

ती हाक घाटाच्या माथ्यापर्यंत गेली, असं म्हणतात. धुरात वाट चुकलेली येसू त्या आवाजाच्या मागं मागं पळत सुटली. आणि इकडे सूर्य जागीच थांबला. सावली रेघेपासून बोटभर अंतरावर आली ती तिथंच खिळली.

तपासणीला आलेले साहेब करवादले, "मास्तर, दार लावा!"

"सावली टेकली की लावतो, साहेब. तुम्हीच बघा."

साहेब वाकून वाकून बघत राहिले. सावली काही हलेना! आता कुणी शहाणे म्हणतात, धुरामुळं साहेबांना नीट दिसलं नसेल. म्हणोत बापडे.

येसू आली. परकर जळालेला, तोंड काळंठिक्कर, पायाला फोड. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही, आधी पेपर मागितला. ती आत बसली, सावली रेघेला टेकली आणि मास्तरांनी दार लावलं. मग दाराकडे तोंड करून ते किती तरी वेळ डोळे पुसत उभे होते.

येसू पास झाली, वाड्यावरच मास्तरीण झाली. आता घाटात डांबरी सडक आहे, पोरं जीपनं येतात. तरी परीक्षेच्या दिवशी दार लावायच्या आधी, देखरेखीला असतील ते गुरुजी किंवा बाई अंगणात येऊन घाटाकडे हाक देतात, "कुणी राहिलंय का होऽऽ?" हिला मास्तरांची हाक म्हणतात. वरून वाड्यातलं कुणीतरी ओरडतं, "पोचली समदीऽऽ!"

ते उत्तर आल्याशिवाय आपल्या गावात दार लावत नाहीत.