अडकला की सापडला?

ओढ्याकाठच्या बाभळीच्या रानात एक ससा राहत असे. एके दिवशी सकाळी त्याला झुडपाआड हरभऱ्याचे कोवळे डहाळे पडलेले दिसले. "हरभरा इथे कसा आला?" असे त्याच्या मनात आले खरे, पण तोवर तोंडाला पाणी सुटले होते. पहिला घास घेतो न घेतो तोच मागच्या पायाला दोरीचा फास बसला. तो जितका ओढी, तितका फास आवळत जाई.

वरच्या फांदीवर एक साळुंकी बसली होती. मुलांनो, तिचे बालपण शाळेच्या छपरात गेले होते. त्यामुळे भाषा आपल्याइतकी कुणालाच येत नाही, असे तिला वाटे. ससा कळवळून म्हणाला, "साळुंकीताई, मी अडकलो! शिकारी यायच्या आत बांधावरच्या घुशीला बोलावून आण. ती दोरी कुरतडेल."

"अडकलास?" साळुंकीने मान तिरकी केली. "पतंग झाडात अडकतो, काटा घशात अडकतो. दुसऱ्यानं लावलेल्या फासात जो जातो, तो सापडतो."

"बरं, सापडलो! जा आता!"

साळुंकी उडाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. "थांब. तू हरभऱ्याला भुललास ना? मग 'फसला' म्हणायला हवं. चुकीचा निरोप गेला तर नाव माझं जाईल."

"फसला म्हण, सापडला म्हण, मेला म्हण! पण जा गं बाई!"

"मेला कसं म्हणू? तू तर बोलतो आहेस."

सशाने कपाळावर पंजा मारून घेतला. पाय सुजून दगडासारखा झाला होता. ओढ्यापलीकडे वाळक्या पानांवर पावले वाजू लागली होती, आणि ही आपली समजावतेच आहे, "आता 'सापडणे' याचे अर्थ दोन. हरवलेली वस्तू सापडते, तो एक..." सशाचा धीर सुटला. त्याने डोळे मिटले आणि उभ्या जन्मात फोडली नव्हती अशी किंकाळी फोडली. तिच्यात शब्द एकही नव्हता.

ती ऐकून घूस बिळातून धावत आली. काय झाले, कसे झाले, तिने काही विचारले नाही. दोरी पाहिली आणि दात लावले. शिकारी ओढा उतरत असतानाच शेवटचा पीळ तुटला. ससा लंगडत करवंदीच्या जाळीत शिरला, त्याच्यामागून घूस.

थोड्या वेळाने साळुंकीही तिथे आली. ओशाळून म्हणाली, "मी बोलावणारच होते हं हिला. शब्द तेवढा ठरायचा राहिला होता."

घुशीला अजून धाप लागली होती. ती म्हणाली, "अगं, माझ्या बिळापाशी येऊन तू नुसता कलकलाट केला असतास, तरी मी आले असते."

ससा साळुंकीकडे पाठ करून आपला पाय चाटत राहिला.

तात्पर्य : संकटात हाक मारणाऱ्याचे शब्द सुधारत बसू नये, आधी मदतीला धावावे.