बोल्टावरची खडूची रेघ

घाटाच्या पायथ्याशी एका गावात एक मिस्त्री राहत होता. त्याचे नाव हिरामण. घाट चढता-उतरता गाड्यांचे क्लच जळत, म्हणून त्या गावाच्या एकाच गल्लीत सात गॅरेज होती. सातांत सर्वांत लहान हिरामणचे.

क्लच बदलायचा तर आधी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तो चाळीस-पन्नास किलोचा असतो. खरे कष्ट तिथेच. एकट्या माणसाला ते ओझे पेलत नाही. म्हणून सातही मिस्त्र्यांनी वर्गणी काढून गिअरबॉक्स उतरवायचा चाकांचा जॅक घेतला होता. ज्याला लागेल त्याने न्यायचा, काम झाले की परत आणून ठेवायचा. ठेवायची जागा रंगनाथशेठच्या गॅरेजात होती, कारण त्याचे गॅरेज सर्वांत मोठे होते.

हिरामणची एक रीत होती. जो बोल्ट तो खोलायचा, तो पुसून त्यावर खडूची एक रेघ ओढायचा. दुसऱ्यांदा खोलावा लागला तर दुसरी रेघ. काम संपले की गाडीच्या मालकाला वाकून बघायला लावायचा आणि मगच मजुरी सांगायचा. रेघ नाही तिथली मजुरी नाही.

एकदा अनसूया कासार आपली व्हॅन घेऊन त्याच्याकडे आली. ती आठवडी बाजारांत भांडी विकायची. क्लच पार गेला होता. हिरामणने अडीच हजार मजुरी सांगितली.

"अडीच हजार?" अनसूया म्हणाली. "अरे, तू तर दिवसभर झोपूनच काम करतोस!"

"मग असं करू, मावशी. तुम्ही झोपा गाडीखाली, मी पातेली विकून येतो."

अनसूया हसली आणि उलट्या घमेल्यावर बसून राहिली. हिरामणने एक रुपयाही कमी केला नाही.

गिअरबॉक्स उतरला तेव्हा दिसले की क्लचच्या मागचे जड लोखंडी चाक, म्हणजे फ्लायव्हीलही जळून निळे पडले होते. तेही बदलावे लागणार होते. अनसूयाने मनातल्या मनात आणखी दोन हजार धरले. इतर गॅरेजांत तसेच घेत.

काम झाल्यावर हिरामणने तिला वाकून बघायला लावले. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर एकेकच रेघ होती.

"फ्लायव्हीलचे सहा बोल्ट आतच राहिले, ते आता दिसायचे नाहीत," तो म्हणाला. "तेवढ्या सहा बोल्टांचे अडीचशे. गिअरबॉक्स मी एकदाच उतरवला, त्याची मजुरी क्लचमध्ये आली."

अनसूया सात गावांच्या बाजारांत फिरायची आणि तिचा आवाज मोठा होता. महिन्याभरात हिरामणच्या दारात गाड्यांची रांग लागली.

मग रंगनाथशेठने गल्लीतल्या मिस्त्र्यांची बैठक बोलावली. त्याने दरांचा मोठा रंगीत बोर्ड छापून आणला होता. त्यावर लिहिले होते: क्लचची मजुरी अडीच हजार. फ्लायव्हीलची मजुरी दोन हजार. खाली रंगनाथशेठचे नाव आणि ठसठशीत सही.

"सगळ्यांनी हाच बोर्ड लावायचा," शेठ म्हणाला. "कंपनीच्या पुस्तकातही ही दोन कामं वेगळी दिली आहेत."

"वेगळी केली तर वेगळी, शेठ," हिरामण म्हणाला. "आपण गिअरबॉक्स किती वेळा उतरवतो?"

"हिरामण, तू आमच्या पोटावर पाय देतोयस," एक मिस्त्री म्हणाला.

"मजुरी कमी वाटते? मग वाढवा की! क्लचचे तीन हजार करा. कष्टाचं काम आहे, मी उघड मागेन. पण जे ओझं मी उतरवलंच नाही, त्याचे पैसे कसे मागू?"

बोलणे चुकीचे होते असे कुणाला वाटले नाही. तरीही सहा जणांनी सह्या केल्या. वाढवलेला दर गिऱ्हाईकाच्या तोंडावर सांगायला धैर्य लागते. बोर्डाआड दडवायला लागत नाही.

हिरामणने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी तो जॅक न्यायला गेला, तेव्हा शेठ म्हणाला, "बोर्ड लावशील त्या दिवशी जॅक ने."

"माझी वर्गणी आहे त्यात."

"सही नाही ना."

हिरामण परत आला. त्याने तीन वासे बांधून तिकाटणे उभे केले, त्याला दोर आणि कप्पी लावली आणि खालून खांद्याचा टेकू देऊन गिअरबॉक्स उतरवू लागला. अर्ध्या दिवसाचे काम दीड दिवसावर गेले. रांगेतल्या गाड्या कंटाळून दुसरीकडे वळू लागल्या. महिन्याला जिथे वीस गाड्या व्हायच्या, तिथे सात होऊ लागल्या.

"तिप्पट वेळ लागतोय, तर मजुरी तरी वाढवून घ्या," त्याचा खांदा शेकताना बायको म्हणाली.

"जॅक नाही ही माझी अडचण. गाडीत काम तेवढंच आहे."

"मग सही करून मोकळे व्हा. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत गॅरेज बंद होईल."

तिचे म्हणणे खरे होते. तरी हिरामण म्हणाला, "सही केली तर खडू टाकून द्यावा लागेल. खडू ठेवून खोटी मजुरी नाही घेता यायची."

इकडे रंगनाथशेठला आपल्या बोर्डाचा फार अभिमान होता. गल्लीत लावून त्याचे समाधान झाले नाही. त्याने आणखी पन्नास बोर्ड छापले आणि घाटावरच्या गॅरेजांनाही पाठवून दिले.

पुढच्याच महिन्यात शेठच्या मुलीचे डोहाळजेवण होते. तिचे सासर घाटापलीकडे. शेठ आणि त्याची बायको गाडी घेऊन निघाले. घाट संपता संपता गाडीतून जळका वास आला आणि गाडी पुढे जाईना. शेठने बायकोला ओटीच्या सामानासह दुसऱ्या गाडीत बसवून पुढे पाठवले आणि स्वतःची गाडी ढकलत जवळच्या गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री कादर त्याला ओळखत नव्हता.

कादरने गिअरबॉक्स उतरवला. क्लच जळला होता, फ्लायव्हीलही गेले होते. शेठ चार तास स्टुलावर बसून सगळे बघत होता. काम चोख झाले. कादरने मजुरी सांगितली, साडेचार हजार.

शेठ ताडकन उठला. "साडेचार? लुटायला बसलास काय? गिअरबॉक्स किती वेळा उतरवलास?"

"एकदा."

"मग मजुरी दोनदा कशी? मी काय आंधळा आहे? इथेच तर बसलोय सकाळपासून!"

कादरने भिंतीकडे बोट दाखवले. शेठने वर पाहिले. भिंतीवर तोच रंगीत बोर्ड होता. तेच आकडे. खाली तेच नाव, तीच ठसठशीत सही.

"आमच्याकडे आधी असं नव्हतं, साहेब," कादर म्हणाला. "फ्लायव्हीलचे दोन-तीनशे घ्यायचो. पण घाटाखालून कुणा मोठ्या माणसाने हा बोर्ड पाठवला. म्हटलं, एवढा मोठा माणूस खोटं कशाला लिहील?"

शेठ खाली बसला. मग त्याने खिशात हात घातला आणि साडेचार हजार मोजून दिले.

"पावतीवर नाव काय लिहू?" कादरने विचारले.

"पावती राहू दे," शेठ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत खडखडाट ऐकू आला. रंगनाथशेठ स्वतः जॅक ओढत येत होता. सगळे मिस्त्री हातातले पाने थांबवून बघू लागले. हिरामण गाडीखाली होता. गिअरबॉक्स त्याच्या खांद्यावर टेकला होता. शेठने वाकून जॅक गिअरबॉक्सखाली सरकवला आणि वर चढवला. ओझे खांद्यावरून उतरले. हिरामण सरपटत बाहेर आला.

"बोर्ड काढतोय," शेठ म्हणाला. "नवा लिहायचा आहे. क्लचचे तीन हजार. आपलं काम तेवढ्या मोलाचं आहे, ते मी उघड सांगेन. फ्लायव्हील त्याबरोबर असेल तर वर फक्त अडीचशे. तुझ्याकडचा खडू दे."

हिरामणने खांदा चोळला. खिशातून खडू काढला, पण लगेच दिला नाही.

"आधी सांगा शेठ, जॅक कुणाचा?"

शेठने गल्लीकडे पाहिले. सहाही दारांत माणसे उभी होती.

"सातांचा," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला.

हिरामणने त्याच्या हातावर खडू ठेवला. शेठने आपल्या दारावरचा बोर्ड उतरवून उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे दर लिहायला घेतले. घाटावरच्या पन्नास बोर्डांसाठी मात्र त्याला एकेका गॅरेजात स्वतः जावे लागले. सर्वांत आधी तो कादरकडे गेला आणि तिथे त्याने आपले नाव सांगितले.

तात्पर्य: केलेल्या कष्टाचे पूर्ण मोल ताठ मानेने मागावे आणि न केलेल्या कष्टाचा एक पैसाही मागू नये; जो दर आपण स्वतः दुसऱ्याला खुशीने देणार नाही, तो आपल्या दारावर लावू नये.