चेंडू हटून बसला

फार पूर्वी माळावरचे प्राणी फुटबॉल खेळत. भीमा रेडा हमखास गोल करी, म्हणून त्याची दांडगाई सगळे खपवून घेत. एकदा सामना बरोबरीत असताना त्याने समोरच्या सशाला पाडलं आणि पडलेल्यालाच लाथ घातली.

"ऊठ की, नाजूकराव!" असं म्हणत तो चेंडूकडे वळला. तेवढ्यात चेंडूने आपली सगळी हवा सोडून दिली.

"ए, फूग! नाहीतर फाडून टाकीन!"

"फाड बाबा," चेंडू म्हणाला. "लाथा खायचं व्रत माझं आहे, त्या सशाचं नाही. त्याची माफी मागेपर्यंत मी जागचा हलायचा नाही."

"अरे, सांगा याला! हरू आपण!" भीमा साथीदारांवर ओरडला.

त्याच्याच संघातला बोकड चेंडूशेजारी येऊन बसला. "हरू दे, दादा. आधी माफी माग."