न विचारलेला पाया

एका गावात माणसं थोडी आणि बांधकामं फार होती. डोंगर फोडून दगड काढायचा, चुना मळायचा आणि भिंत उभी करायची, हाच तिथला धंदा. आता एवढ्या भिंती म्हटल्यावर भांडणंही आलीच. मालक म्हणणार, "ठरलं तसं बांधलं नाही." गवंडी म्हणणार, "ठरलं तसंच बांधलंय, तुम्हीच वाट लावलीत." मग दोघंही तावातावाने पंचआत्यांकडे यायचे.

पंचआत्या म्हणजे बांधकामाच्या भांडणांसाठी गावच्या पंच. वयाने म्हाताऱ्या, पण आवाज खणखणीत. त्यांची पद्धत ठरलेली. जिथलं भांडण तिथेच, त्या भिंतीसमोर बसायचं. एका हाताला मालक, दुसऱ्या हाताला गवंडी आणि मध्ये एका दगडावर आत्या. दोघांपैकी कोणाच्या घरचं पाणीसुद्धा त्या प्यायच्या नाहीत. आणि निवाडा झाला की झाला. तो फिरवायचा तर ज्याने दिला त्यानेच, त्याच जागी बसून, सगळ्यांसमोर.

आत्यांचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी केरबाला हाताशी घेतलं. केरबा गावातला सगळ्यात हुशार गवंडी. भिंतीवर नुसती टिचकी मारून आत पोकळ आहे का ते सांगायचा. असा माणूस पंच होणार म्हटल्यावर गाव खूश झालं. केरबा तर फारच खूश!

पण आत्यांनी त्याला भिंतीबद्दल काही शिकवलंच नाही. त्या म्हणायच्या, "ते तुला येतं. आधी ऐकायला शीक." मालकाने गाऱ्हाणं मांडलं की केरबाने ते आपल्या तोंडाने परत सांगायचं, आणि मालक 'हो, मला हेच म्हणायचंय' असं म्हणेपर्यंत सांगत राहायचं. मग गवंड्याचंही तसंच. केरबाला या पोपटपंचीचा भारी कंटाळा यायचा. 'अरे, भिंत समोर उभी आहे, मला सगळं दिसतंय. या दोघांची बडबड कशाला ऐकायची?' असं तो मनात म्हणायचा.

शेवटी परीक्षेची वेळ आली. राही कुंभारणीने भाजलेली मडकी ठेवायला एक खोली बांधून घेतली होती. बांधणारा सुभाना गवंडी. खोली पुरती जुनीही झाली नाही तोच तिची भिंत तडकली. आत्या केरबाला म्हणाल्या, "हे भांडण तू एकट्याने सोडव. मी घरीच बसते."

त्या गावचा रिवाज कडक होता, बरं का. दोष गवंड्याचा ठरला की त्याची चुना लिंपायची थापी वेशीवर टांगायची, आणि वर्षभर त्याने गावात दगडावर दगड ठेवायचा नाही. सुभानाचं सगळं घर त्या थापीवर चालायचं. ती गेली तर पोरांनी खायचं काय? बिचारा तोंड पाडून बसला होता.

राही म्हणाली, "केरबादादा, चुना कच्चा होता. बोट लावलं तरी भुगा पडतोय."

सुभाना म्हणाला, "चुना चांगला मळलेला होता. तो सुकायच्या आत हिने भिंतीला टेकवून मडक्यांची रास रचली."

केरबाने दोघांचं म्हणणं परत सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या. मग तो उठून तड्याजवळ गेला आणि गालातल्या गालात हसला. तडा जोत्यापासून निघून वर तिरका चढला होता. 'चुनाही नाही आणि मडकीही नाहीत. पाया खचलाय! आणि या दोघांना त्याचा पत्ताच नाही.'

तो दगडावर येऊन बसला. "चुना बरा आहे. मडक्यांनीही काही झालेलं नाही. पाया उथळ खणलाय, म्हणून भिंत खचली. दोष सुभानाचा."

सुभाना बघतच राहिला. "अरे केरबा, पायाचं तर इथे कोणी..."

"निवाडा झाला," केरबा म्हणाला.

थापी वेशीवर गेली. सुभाना खाली मान घालून घरी गेला.

केरबा मात्र ऐटीत आत्यांकडे आला आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. आत्यांनी विचारलं, "पाया खचला असं कोण म्हणालं? राही?"

"नाही."

"मग सुभाना?"

"तो कशाला म्हणेल? मीच ओळखलं! त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं."

आत्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तिथे दोन नाही, तीन म्हणणी होती. राहीच्या म्हणण्याला सुभानाने उत्तर दिलं. सुभानाच्या म्हणण्याला राहीने दिलं असतं. तुझ्या म्हणण्याला कोणी उत्तर दिलं?"

"पण आत्या, ते खरंच आहे!" केरबा चिडला.

"असेल बाबा. खरं असेल तर विचारल्याने ते खोटं होणार आहे का? जा, विचारून ये."

केरबा दुसऱ्या दिवशी फणफणतच राहीकडे गेला. "राहीबाई, पाया उथळ होता असं मी म्हटलं. यावर तुमचं काय म्हणणं?"

"उथळ? छे हो! मी तिथेच उभी होते. घट्ट मुरूम लागेपर्यंत खणला त्याने. कुदळ टणाटण उडत होती."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? मला वाटलं, पंच म्हणतायत म्हणजे त्यांना कळत असेल."

केरबा विचारात पडला. पाया खोल होता, तर मग खचला कशाने? तो भिंतीच्या मागे गेला. तिथे जमिनीवर फळ्या टाकलेल्या होत्या. फळी उचलली तर खाली पाण्याने भरलेला खड्डा!

"हा? माती भिजवायचा खड्डा," राही म्हणाली. "खोली झाल्यावर मीच खणला. भिंतीच्या सावलीला माती ओली राहते ना..." बोलता बोलता ती थांबली. "अगं बाई! हेच पाणी पायाखाली मुरलं की काय?"

केरबा तिथून निघाला. सरळ वेशीवर गेला, स्वतःच्या हाताने थापी उतरवली आणि सुभानाच्या दारात उभा राहिला. "चुकलो रे. खड्ड्याच्या पाण्याने पाया खचला, तुझा काही दोष नाही. ही घे थापी."

सुभानाने हात पुढे केला नाही. "नुसती थापी नको. गावासमोर मला दोषी ठरवलंस आणि माझं म्हणणं विचारलं नाहीस. त्या दगडावर बस, आणि आता विचार."

पुन्हा सगळे भिंतीसमोर जमले. काठी टेकत आत्याही आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. केरबा दगडावर बसला आणि म्हणाला, "सुभाना, पाया उथळ होता असं माझं म्हणणं होतं. तुझं काय म्हणणं?"

सुभानाने पहिल्यापासून सांगितलं. मुरूम कसा लागला, दगड कसे बसवले, चुना कसा ठासला. एव्हाना हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं, पण कोणी त्याला मध्ये तोडलं नाही. तो थांबल्यावर केरबाने ते सगळं आपल्या तोंडाने परत सांगितलं. आणि विचारलं, "तुला हेच म्हणायचं होतं?"

"हो," सुभाना म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "तेव्हा मला हेच म्हणायचं होतं."

मग केरबाने राहीला खड्ड्याचं विचारलं. तिने सगळ्यांसमोर कबूल केलं आणि त्याच दिवशी खड्डा बुजवायला घेतला. केरबाने आपला निवाडा फिरवला, तेव्हा कुठे सुभानाने थापी हातात घेतली. लगेच भिंतीजवळ जाऊन तडा तपासायलाही लागला.

आत्या केरबाला म्हणाल्या, "आता माझे गुडघे दुखले तरी चालेल."

तात्पर्य काय, तर निवाडा करणाऱ्याने आपल्या मनातलं म्हणणंही आधी दोघांसमोर मांडावं. ज्याला उत्तर द्यायला मिळालं नाही, त्याला दोषी ठरवायचा हक्क कितीही हुशार माणसाला नाही.