कोंडकाची निरगाठ

फार पूर्वी वेत्रनगरीत सुबल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्माला आला होता. कोंडक नावाच्या राखणदाराने त्याला हाताने भरडा चारून लहानाचा मोठा केला आणि धवलू असे नाव ठेवले.

त्या नगरीत दर वसंतात बैल उधळवण्याचा खेळ होई. बैलाच्या मागच्या पायांपुढे, पोटाभोवती दोर बांधत. दोर लागला की बैल उसळ्या घेऊन पाठीवरच्या स्वाराला पाडू पाही. ओढताच दोर सुटावा म्हणून सुरगाठच मारायची, असा दंडक होता. नगारा थांबेपर्यंत उसळत राहील तो बैल घरी जाई. आधी थांबला तर खाटकाकडे.

धवलू आता थकला होता. आठ दिवस कोंडकाला घास उतरेना. शेजारचा राखणदार म्हणे, "बैल म्हातारा झालाय आणि वाळतोयस तू." खेळाच्या सकाळी भीतीने कोंडकाची मती फिरली. दोर काचला तर बैल जास्त वेळ उसळेल, असे वाटून त्याने तो करकचून आवळला आणि वर निरगाठ मारली. धवलूने मान वळवून पाहिले. कोंडकाने नजर चुकवली.

नगारा सुरू झाला. धवलू असा उसळला की लोक उठून उभे राहिले. नंदिय नावाचा स्वार पडला तो थेट त्याच्या खुरांत. कोंडक धावला, दोर ओढू लागला, गाठ सुटेना. नगारा वाजतच होता.

तेव्हा धवलू चारी पाय रोवून उभा राहिला. दोर कातड्यात रुतला होता, अंग थरथरत होते, पण एक खूर हलला नाही. नंदिय सरपटत बाहेर आला.

कोंडकाने विळ्याने दोर कापला. रडत म्हणाला, "बाबा, आणखी थोडाच वेळ उसळायचं होतं."

बोधिसत्त्व म्हणाला, "खाली माणूस होता रे, कोंडका."

राजाची माणसे बैल न्यायला आली. नंदिय लंगडत येऊन धवलूच्या मानेला बिलगून उभा राहिला. कोंडकाने कापलेला दोर खेळ पाहायला बसलेल्या राजापुढे ठेवला. "महाराज, ही गाठ माझी. शिक्षा मला द्या."

राजाने ती गाठ सोडून पाहिली. त्यालाही सुटेना. मग त्याने धवलूला अभय दिले, आणि त्या नगरीत पुन्हा कुठल्याच बैलाला तो दोर लागला नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या एका वृद्ध भिक्षूकडे आणि त्याच्या शिष्याकडे पाहून म्हणाले, "काळजीपोटी शिष्याला जखडून ठेवणारा हा वृद्ध भिक्षू तेव्हा कोंडक होता. त्याचा शिष्य नंदिय होता. आणि धवलू तो मीच."

स्वतःच्या वेदनेहून दुसऱ्याचा जीव मोठा मानला, ही त्या जन्मीची क्षांती, म्हणजे सोशिकता.