कवडीचं सुतक

फार वर्षं झाली याला. किती, ते विचारू नका. पायरवाडीत ज्याला विचारावं तो आपल्या आज्याच्या आज्यापर्यंत जातो आणि तिथून हात वर करतो. पण गोष्ट घडली याबद्दल मात्र तिथे कुणाचं दुमत नाही.

पायरवाडी डोंगराच्या उतारावर. वरची आळी आणि खालची आळी, आणि मधून वाहणारा ओढा. वरच्या आळीला शेवटच्या घरात ठमाआत्या राहायची. मागेपुढे कुणी नाही. घरात ती आणि तिच्या कोंबड्या. आत्या कोंबड्यांची वैदीण होती. कुणाची कोंबडी मरगळली, पंख पाडून बसली, की लोक ठमाआत्याला हाक मारायचे. आत्या यायची, फतकल मारून बसायची, कोंबडीला पदरात घ्यायची आणि तिच्याशी बोलत बसायची. गळ्याखालची थैली फुगली असेल तर एरंडेल पाजून हलक्या हाताने चोळायची. पायाला जखम असेल तर हळद भरायची. पिसांत उवा झाल्या असतील तर गार राखेत लोळवायची. असं म्हणतात, की आत्याच्या पदरात गेलेली कोंबडी डोळे मिटून घ्यायची आणि उघडायची ती बरी होऊनच. मी म्हणतो, एखाददुसरी मरतही असेल. पण मेलेल्यांच्या आख्यायिका कोण सांगतो?

आत्याची स्वतःची लाडकी म्हणजे कवडी. काळीभोर, आणि अंगभर पांढरे ठिपके. ती आत्याच्या मागून शेतावर जायची, जात्यापाशी कण्यांची वाट बघत बसायची, आणि आत्या जेवायला बसली की ताटाशेजारी तिचा पाट असायचा. पाटाचं मी पदरचं सांगत नाही, गाव सांगतं.

तर एका वर्षी काय झालं, वरच्या आळीतल्या कुणीतरी बाजारातून एक तुरेबाज कोंबडा आणला. चार दिवस तो ऐटीत फिरला आणि मग त्याने मान टाकली. त्याच्यामागे त्या घरातल्या कोंबड्या गेल्या, मग शेजारच्या. माना वाकड्या व्हायच्या, चोच आभाळाकडे जायची आणि पक्षी गोल गोल फिरून पडायचा. मानमोडीच ती. लोकांनी काय करावं? जी झुकायला लागली ती कापली आणि वाटे शेजारीपाजारी दिले. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. पिसं ओढ्याकडेला, आतडी उकिरड्यावर.

ठमाआत्याला मात्र ताटावर बसायची उसंत नव्हती. या घरातून त्या घरात, त्या घरातून पुढच्या घरात. लसूण ठेच, ओवा वाट, चोच उघडून थेंब थेंब पाणी पाज. एकीला पदरातून खाली ठेवायची की दुसरीला उचलायची. पण या खेपेला पदर काही कामाला येईना. जिथे आत्या बसून जायची तिथल्या कोंबड्या मरायच्या, आणि ज्या खुराड्याला अजून काही झालेलं नव्हतं, तिथेही ती नुसतं बघायला जाऊन आली की दोनतीन दिवसांत मरण पोचायचं. लोक म्हणायचे, आत्याच्या हाताचा गुण गेला. आत्यालाही तसंच वाटायला लागलं.

आणि मग एके सकाळी कवडी जात्यापाशी आली नाही.

आत्याने तिला पदरात घेतलं. सगळे उपाय केले, झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून केले. शेजारीण दारातून म्हणाली, "आत्या, अंग ऊन हाय तवर सुरी लाव, वाया जाईल." आत्याने कवडीवर पदर ओढून घेतला. शेजारीण निघून गेली. कवडी दुपारी गेली. आत्याने परसात, शेवग्याच्या बुडाशी हातभर खड्डा खणला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिला गुंडाळलं आणि माती लोटली. मग आंघोळ केली, दार लोटून घेतलं आणि जाहीर केलं, की मला सुतक आहे.

गाव खो खो हसलं. कोंबडीचं सुतक! देवळातला महिपती गुरव तर पोट धरून म्हणाला, "मंग दहाव्याला आमाला जेवान हाय का न्हाय?" पण आत्या दाराबाहेर पडेना. कुणाकडे गेली नाही, कुणाला घरात घेतलं नाही, डोक्याला तेल लावलं नाही. माणूस गेल्यावर पाळतात तसं सगळं पाळलं.

हसणं थांबलं ते कोंडाबाई आली तेव्हा. कोंडाबाई खालच्या आळीतली. नवरा परागंदा झालेला, आणि सोबतीला साळू नावाची एक तांबडी कोंबडी. रात्री ती कोंडाबाईच्या उशाशी निजायची. साळूने सकाळपासून दाणा टिपला नव्हता.

"आत्या, चल गं. खालच्या आळीत अजून कायबी न्हाय, अन् माझ्याच साळूला धरलं. पाया पडते तुझ्या."

दाराआडून आत्या म्हणाली, "मला सुतक हाय, कोंडे. मी यायची न्हाय."

"अगं जीव चाललाय तिचा!"

"मान वाकडी झाली का?"

"न्हाय. गळा फुगलाय."

"मंग एरंडेल पाज अन् थैली चोळ. खालून वर चोळ. पर मला बोलवू नगंस."

कोंडाबाईचा तोल सुटला. "तुझ्या मेलेलीचं तुला सुतक, अन् माझ्या जितीचं तुला कायबी न्हाय!" असं म्हणून ती रडत ओढा उतरून गेली. आत्या दाराला टेकून तिथेच बसून राहिली. तिला जायचं होतं. इतक्या वर्षांत कुणाच्या हाकेला तिने नाही म्हटलेलं नव्हतं. पण सुतकात उंबरा कसा ओलांडायचा?

दहाव्या दिवशी आत्या कण्यांचा पिंड घेऊन ओढ्यावर आली. गंमत बघायला वरची आळी या काठाला जमली, खालची त्या काठाला. पिंड दगडावर ठेवला. कावळे आले, झाडावर बसले. पण शिवेनात.

आत्या हात जोडून म्हणाली, "कवडे, तुझी जागा मी कुणाला देणार न्हाय." कावळे हलले नाहीत. "तुझ्या नावानं रोज मूठभर कण्या टाकीन." कावळे माना वाकड्या करून बघत राहिले. महिपती गुरवही आता हसत नव्हता. तो म्हणाला, "ठमे, तिच्या मनात काय अडकलंय ते बघ."

आत्या पिंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात खालच्या आळीत एक कोंबडा आरवला. मग दुसरा. मग सगळी आळी आरवायला लागली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, तसंच झालं. इतके दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते आता सगळ्यांना ऐकू आलं. वरची आळी मुकी होती. खालची जिवंत होती.

आत्याने आपल्या पदराकडे पाहिलं. मग हातांकडे. ज्या ज्या घरात ती गेली होती ती घरं एकामागून एक आठवली, आणि शेवटचं घर तिचं स्वतःचं होतं.

"कवडे," ती म्हणाली, "मीच गं आणलं तुझ्यापर्यंत. ह्याच पदरातनं आणलं. आता आजारी खुराड्यातनं उठून मी दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकणार न्हाय. कुणाला टाकू द्यायची न्हाय."

असं म्हणतात, की शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

त्या काठावरून कोंडाबाई ओरडली, "आत्या, साळू दाणं टिपाय लागली गं!" आणि ती पाण्यात उतरली. "थांब!" आत्या किंचाळली. "पुढं येऊ नगंस! माझ्याजवळ येऊ नगंस!" कोंडाबाई गुडघाभर पाण्यात थांबली. तिला सगळं कळलं. त्या दिवशी आत्या हाकेला आली असती, तर साळूही गेली असती, आणि मागोमाग सगळी खालची आळी. मग त्या दोघी, एक काठावर, एक पाण्यात, तिथूनच रडल्या. कवडीसाठी दोघी मिळून खरं रडल्या त्या तिथे. माणसाचं दुःख एकट्याने निभत नाही, पण जवळ यायला मनाई असेल तर ओढाभर अंतरावरूनही वाटून घेता येतं.

पावसाळा सरल्यावर कोंडाबाईने साळूला अंड्यांवर बसवलं आणि एक पिल्लू आत्याला दिलं. साळू तांबडी, आळीतले कोंबडेही तांबडे. पिल्लू मात्र काळं निघालं, अंगभर पांढरे ठिपके. आता हे कसं, ते मला विचारू नका. मीही विचारलं होतं. उत्तर म्हणून मला शेवगा दाखवला. त्याच्या बुडाशी कोंबडी पायाने माती उकरत नाही, असं म्हणतात. मी तासभर उभा राहिलो. चार आल्या, चारी वळसा घालून गेल्या.

ठमाआत्या पिकल्या वयात गेली. तिच्या दहाव्याला कावळे आले, पण त्यांच्या आधी कुठूनशी एक ठिपक्यांची तलंग, कोवळी कोंबडी, आली आणि पिंडाचे कण टिपू लागली. तिचं होईपर्यंत कावळे भोवती रांगेत बसून राहिले, असं म्हणतात.

आजही पायरवाडीत कुणाची कोंबडी गेली, की कोंबड्या झाकायचं डालगं दाराशी उताणं टांगतात. ते दिसलं की कुणी अंगणात पाय टाकत नाही, त्या घरचं माणूस दुसऱ्याच्या खुराड्याकडे जात नाही, अंडी मागत नाहीत, वाटा देत नाहीत. दहाव्या दिवशी डालगं खाली उतरतं आणि शेजारणी मूठ मूठ कण्या घेऊन येतात. पण त्याआधी, पहिल्याच दिवशी, जाणारा येणारा कुंपणाबाहेर थांबतो आणि एवढंच विचारतो, "कोण गेली?"

विचारल्यावर नाव सांगावं लागतं. म्हणून पायरवाडीत बिननावाची कोंबडी नाही.